एकशे अठरा जोड्या

फरहीन मुजावर पुण्याहून सकाळच्या गाडीने कोल्हापूरला आली आणि केतकी जगदाळेच्या खोलीत पाऊल टाकताच तिने चहाला नको म्हटलं.

"आधी विचारून घेते, मॅडम. चहा घेतल्यावर नकार ऐकायला जड जातं."

केतकीला हसू आलं. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तिला आता आठ वर्षं झाली होती. वय अठ्ठेचाळीस. कमीजास्त तेजाने चमकणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजणं हे तिचं काम, आणि त्यात तिचं बरं चाललं होतं. समोर बसलेली ही बत्तीसेक वर्षांची मुलगी 'अनुराधा' दुर्बिणीच्या गटातली आहे हे तिला फोनवरच कळलं होतं, त्यामुळे ती काय विचारायला आली असेल याचा अंदाजही होता.

"शुक्रवारी पाकीट उघडतोय," फरहीन म्हणाली.

"वाचलं मी."

"तुमची यादी हवी होती. दोन हजार सत्तावीसची. आणि सोवनी सरांची मूळची, त्यांच्या हाताच्या शेऱ्यांसकट. सरांच्या संस्थेतली संगणकावरची जुनी साठवण केव्हाच खराब झालीय. छापलेल्या लेखात नुसते आकडे आहेत, शेरे नाहीत."

"माझी आहे माझ्याकडे. सरांची असलीच तर वाईला असेल. काकूंकडे."

"तुम्ही मागाल का? मी फोन केला होता त्यांना. त्या म्हणाल्या, जिचं काम आहे तिने यावं."

केतकीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली मुलं स्कूटर लावत होती. वीस वर्षांत तिने वाईच्या त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. ते घर तिने पाहिलंच नव्हतं. सर निवृत्त होऊन तिकडे गेले, तेव्हा ती परदेशात, हायडेलबर्गला होती. सर गेले, तेव्हाही तिथेच होती. सरांच्या पत्नीला, सुलभाकाकूंना, तिने दोन ओळींची मेल पाठवली होती. काकूंचं उत्तर एका शब्दाचं होतं, 'मिळालं.'

"जाते मी," ती म्हणाली. "आता चहा घे."

*

हे सगळं प्रकरण ज्या प्रश्नाचं होतं तो सांगायला सोपा आहे. आकाशगंगेच्या कडेचे तारे फार वेगाने फिरतात. दिसणाऱ्या वस्तुमानाचा हिशेब केला तर एवढ्या वेगाने ते कधीच निसटून जायला हवे होते. मग एक तर न दिसणारं कसलं तरी द्रव्य त्यांना धरून ठेवत असलं पाहिजे, नाहीतर ओढ अतिशय क्षीण झाली की गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलत असला पाहिजे. बहुतेकांनी पहिली वाट धरली. अच्युत सोवनी दुसरीकडे वळले.

दुसरी वाट तपासायची युक्ती जुळ्या ताऱ्यांत होती. काही तारे जोडीने असतात, पण एकमेकांपासून फार लांब. पृथ्वी आणि सूर्य यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याच्या सात हजार पट, दहा हजार पट. एवढ्या अंतरावरून ते एकमेकांभोवती फिरतात, आणि एक फेरी पुरी व्हायला काही लाख वर्षं लागतात. त्यांच्यातली ओढ आकाशगंगेच्या कडेला असते तितकीच क्षीण. पण इतक्या छोट्या जागेत न दिसणाऱ्या द्रव्याचा परिणाम नगण्य. म्हणजे हे तारे न्यूटनच्या हिशेबाने फिरले तर नियम शाबूत, आणि वीसेक टक्के जास्त वेगाने फिरले तर नियम बदलायला हवा.

सोवनी सरांनी सहाशे बारा जोड्या निवडल्या होत्या. त्यातल्या एकशे अठरा फार लांब अंतराच्या. त्या एकशे अठरा जोड्या वेगाने फिरत होत्या. अगदी वीस टक्के.

यात एकच खोच होती. जोडीतल्या एखाद्या ताऱ्याला अगदी चिकटून तिसरा, मंद, न दिसणारा तारा असेल तर तो त्याला हिसके देतो, आणि त्या हिसक्यांमुळे जोडीचा वेग उगाच जास्त दिसतो. मग बदललेला नियम कुठला आणि लपलेला तिसरा कुठला, हे सांगणं कठीण. तेव्हा असे तिसरे तारे सरळ दिसत नसत. रंगाच्या मानाने तारा जरा जास्तच तेजस्वी आहे, त्याची जागा नीट बसत नाही, दोन तारखांचा वेग जुळत नाही, अशा बारीकसारीक खुणांवरून माणूस संशय घेई.

'अनुराधा'ने तो संशयच संपवला होता. अवकाशात एकमेकांपासून दोनशे मीटरवर उडणारे दोन आरसे, दोघांचा उजेड एकत्र जुळवलेला. चंद्रावर ठेवलेला हरभरा दोन मिलिमीटर सरकला तरी कळावा इतकी त्याची नजर बारीक. पाच वर्षांत त्याने चाळीस हजार जोड्या तपासल्या. कुठे तिसरा आहे आणि कुठे नाही, हे आता मतावर राहिलं नव्हतं. वेगांचं उत्तर मात्र अजून कुणी बघितलं नव्हतं. आपल्याला हवं ते उत्तर यावं म्हणून कुणी जोड्या निवडू नयेत, यासाठी ते कुलूपबंद ठेवलं होतं. गटातली मंडळी त्यालाच पाकीट म्हणत.

पण या यंत्राचा आणखी एक परिणाम होता, तो बनवणाऱ्यांच्या मनातही नसेल. पूर्वी ज्यांनी ज्यांनी डोळ्यांनी पाहून या जोड्यांवर निकाल दिले होते, त्या प्रत्येक निकालापुढे आता बरोबर किंवा चूक अशी खूण होणार होती. केतकीच्याही.

*

ती सरांकडे पीएचडीला आली ती दोन हजार चोवीस साली, फलटणहून. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत महिनाभर सरांच्या एरंडवण्यातल्या घरी राहायचं ठरलं. मग जागा मिळाली तरी कुणी जा म्हटलं नाही आणि तीही गेली नाही. मागची छोटी खोली तिची झाली.

संगणक होतेच, पण सरांचा पडद्यावर विश्वास नव्हता. प्रत्येक जोडीचा तक्ता ते मोठ्या कागदावर छापून घेत आणि रविवारी हॉलभर फरशीवर मांडत. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर स्वयंपाकघरातल्या वाट्या. सुलभाकाकू साडी वर धरून त्यातून वाट काढत स्वयंपाकघरात जायच्या आणि म्हणायच्या, "आमटी कशात वाढू? ताऱ्यांच्या वाट्या मोकळ्या झाल्या की सांगा."

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. आधी ट्रंक कॉल जोडण्यात, मग चौकशीच्या विभागात लोकांना नंबर सांगण्यात. त्यांचा आवाज फार गोड होता असं नाही, पण त्यांनी वाचलेला आकडा कधी चुकीचा ऐकू येत नसे. म्हणून याद्या ताडून बघायच्या असल्या की काकूंना बसवायचं. त्या ताऱ्यांचे लांबलचक क्रमांक एका सुरात वाचत आणि समोरचा खुणा करी. मधेच सर जायफळ घालून कॉफी करून आणत. ती नेहमी जास्त गोड व्हायची. त्या घरात केतकी पहिल्यांदा आकाशाबद्दल मोठ्याने बोलली, चुकली, भांडली. वडिलांशी कधी वाद घालण्याची हिंमत झाली नव्हती तिची, सरांशी रोज व्हायचा.

सव्वीसच्या जानेवारीत सरांनी एकशे अठरा जोड्यांचं बाड तिच्यासमोर ठेवलं. "यात तिसरे किती, ते बघ. माझं काही विचारू नको. तुझं तू ठरव."

तिला चौदा महिने लागले. सेहेचाळीस जोड्या संशयित निघाल्या. त्या बाजूला काढल्या आणि उरलेल्यांचा आलेख पुन्हा काढला, तेव्हा वीस टक्के कुठल्या कुठे गेले. बिंदू न्यूटनच्या रेषेवर बसले. ती तो कागद घेऊन सरांपुढे उभी राहिली. सरांनी बराच वेळ पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "बरोबर वाटतंय. लिहून काढ."

"आपण दोघांच्या नावाने..."

"नाही. माझं नाव घालू नको."

एवढंच. लेख गाजला. केतकीला हायडेलबर्गचं बोलावणं आलं. सरांनी दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली. ते रागावले नव्हते, हेच तिला सहन झालं नाही. रागावले असते तर भांडता आलं असतं. त्या घरात जेवून, त्या फरशीवर बसून आपण त्यांचा जन्मभराचा विचार मोडला, असं तिच्या मनाने घेतलं. फोन उद्या करू, पुढच्या महिन्यात करू, असं करता करता नऊ वर्षं गेली आणि मग करायला कुणी उरलं नाही. गुरुत्वाकर्षणावर तिने नंतर एक ओळही लिहिली नाही.

आणि एक गोष्ट तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. आपण चुकलो असू, अशी आशा तिला वीस वर्षं वाटत आली होती.

*

वाईला हळद शिजवायचे दिवस होते. गावात शिरतानाच तो उग्र, ओलसर वास गाडीत आला. काकू दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार त्यांनीच उघडलं. पंच्याऐंशी वर्षांच्या, वाकलेल्या, पण आवाज तोच.

"चप्पल आत घे. बाहेर ठेवलीस तर माकडं नेतात."

केतकी वाकून नमस्कार करायला गेली तर काकूंनी तिचा दंड धरून तिला उभं केलं आणि नीट पाहिलं. "केस पांढरे झाले की गं तुझे."

"हो ना, काकू."

"जेवून आलीयस?"

"नाही."

"बरं केलंस."

दोघी जेवायला बसल्या. भाजणीचं थालीपीठ होतं, लोणी होतं. जेवण झाल्यावर काकूंनी माळ्याकडे बोट दाखवलं. स्टुलावर चढून केतकीने पत्र्याची पेटी खाली काढली. आत तक्ते होते, घडीवर पिवळे पडलेले, आणि खाली निळ्या पुठ्ठ्याची एक वही.

"ती वही घे," काकू म्हणाल्या. "तुला हवंय ते त्यात आहे."

केतकीने वही उघडली. सरांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'एकशे अठरापैकी संशयित'. खाली क्रमांक. प्रत्येक क्रमांकापुढे एकेक ओळीचा शेरा. तिने पानं उलटली. एकोणपन्नास क्रमांक होते. ते तिला तोंडपाठ होते, कारण त्यातले बहुतेक तिचेच होते. आपल्या यादीवरून सरांनी नंतर हे लिहून घेतलं असेल असं तिला वाटलं. मग तिने वर तारीख पाहिली. ऑगस्ट २०२५.

तिने पुन्हा पाहिलं. तिच्यापुढे बाड ठेवण्याआधी पाच महिने.

"काकू, ही तारीख..."

"बरोबर आहे."

"म्हणजे सरांना आधीच माहीत होतं?"

काकूंनी पदराने चष्मा पुसला. "ही यादी मी दोनदा वाचलीय, केतकी. एकदा ह्यांच्यासाठी, त्या ऑगस्टमध्ये. दुसऱ्यांदा दीड वर्षाने, तुझ्यासाठी. सहावा-सातवा नंबर वाचतानाच माझ्या लक्षात आलं की हे तेच आहेत. पण आवाज हलू द्यायचा नाही ही सवय. वाचत राहिले."

केतकी खुर्चीत बसली. तिला आधी काहीच वाटलं नाही. मग पंचविसाव्या सालचा डिसेंबर आठवला. मुंबईचं ते मोठं व्याख्यान. सभागृह भरलेलं, सर उभे, मागे पडद्यावर वीस टक्क्यांचा आलेख. 'नियम बदलतोय,' सर म्हणाले होते, आणि टाळ्यांत तिच्याही टाळ्या होत्या.

"डिसेंबरात ते व्याख्यान दिलं त्यांनी," ती म्हणाली. "सगळं माहीत असताना."

"हो."

"का?"

"तेव्हा मीही हेच विचारलं. ते म्हणाले, मला खात्री नाही. मी घाबरून जास्त जोड्या काढत असेन. नाहीतर उलट, हट्टाने कमी काढत असेन. माझ्या नजरेवर माझाच भरवसा नाही. मी म्हटलं, मग तसं तिथे उभं राहून सांगायचं होतं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांनी ते बाड तुझ्यापुढे ठेवलं. दुसऱ्या कुणी, न सांगता, त्याच जोड्या काढल्या तर मानायचं, असं म्हणाले."

"हे खरं कारण होतं, की सोयीचं?"

"दोन्ही. माझं तरी तसं मत आहे. पन्नास वर्षं संसार केला, पण त्याहून जास्त नाही सांगता येणार."

"आणि नाव का नको म्हणाले?"

"तू शोधलंस ते तुझ्या नावावर राहावं म्हणून. आपलं नाव लागलं की सगळे म्हणणार, सोवनींनीच करून घेतलं. आणि दुसरं म्हणजे लाज. तुला तोंड दाखवायची लाज वाटायची त्यांना. कॉफी करायचे आणि म्हणायचे, तिने विचारलं तर सांगेन."

केतकीचा आवाज चढला. "मी विचारायला येत नव्हते, कारण मला लाज वाटत होती. तुम्हाला दोन्ही बाजू माहीत होत्या, काकू. तुम्ही मला सांगायचं होतंत."

काकूंनी मान हलवली. नाकारण्यासाठी नव्हे. "सांगायला हवं होतं. आधी त्यांनी शब्द घेतला होता. ते गेल्यावर शब्दही सुटला, पण मग मला तुझा राग आला होता. दोन ओळींची मेल पाठवलीस तू. जन्मभर परक्या लोकांचे फोन जोडून दिले मी. हा एक नाही जोडला."

खालून कुणीतरी हळदीची पोती उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता. केतकीला रडू आलं ते रागाने की कशाने, हे तिला सांगता आलं नसतं. काकू उठल्या, तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि तिच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

*

शुक्रवारी सकाळी दोघी गाडीने पुण्याला निघाल्या. येणार हे काकूंनीच ठरवलं होतं. पाकीट उघडण्याआधी केतकीने या शोधाच्या सुरुवातीबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं. वहीची छायाचित्रं तिने फरहीनला आदल्या दिवशीच पाठवली होती, पण वरची तारीख त्यांत येऊ दिली नव्हती.

"मी दोन गोष्टी सांगू शकते," शिरवळच्या पुढे आल्यावर ती म्हणाली. "तिसरे तारे सरांना माझ्याआधी सापडले होते, एवढंच सांगितलं तर त्यांचा मान वाढेल. पण मग कुणीतरी डिसेंबरचं व्याख्यान काढणारच. नाहीतर काहीच सांगायचं नाही. वही आपल्याकडेच राहील."

"आणि मग मान तुझा."

"तेच तर. गप्प राहिले तर माझी सोय, अर्धं सांगितलं तर त्यांची."

काकू बाहेर बघत होत्या. "सगळं सांग. चांगलंही सांग आणि डिसेंबरचंही सांग. मी समोर बसणार आहे. अर्धं सांगितलंस तर मला कळेल."

सभागृहात दीडेकशे माणसं होती. केतकीने सगळं सांगितलं. फरशीवरचे तक्ते, वाट्या, काकूंचं वाचन, ऑगस्टची वही, डिसेंबरचं व्याख्यान, जानेवारीत समोर आलेलं बाड. "माझ्या नावावर असलेला शोध सोवनी सरांनी माझ्याआधी लावला होता," ती म्हणाली. "आणि लावल्यावर त्यांनी तो लपवला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि यातली एकच मला सांगता येणार नाही."

मागून एक गृहस्थ उठले. त्या डिसेंबरात ते मुंबईच्या सभागृहात होते. "मग याला फसवणूक म्हणायचं का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

केतकीने माईक जवळ ओढला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. माईक नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

"मी त्यांची बायको. डिसेंबरात त्यांनी केलं ते चूकच होतं. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं आणि ते त्यांना पटलंही होतं. म्हणून त्यांनी ते काम अशा मुलीच्या हातात दिलं, जी त्यांची भीड धरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चुकीची दुरुस्ती त्यांनी अशी केली. पुरी झाली की नाही, ते तुम्ही ठरवा."

गृहस्थ खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. केतकीला ते बरं वाटलं.

मग फरहीनने पाकीट उघडलं. पडद्यावर आधी रिकामा आलेख आला, मग डावीकडून एकेक बिंदू उमटू लागला. जवळच्या जोड्या, मग लांबच्या, मग फार लांबच्या. न्यूटनची रेषा खाली, सरांची वर. सात हजार पट अंतर आलं तशी केतकीने खुर्चीचा हात घट्ट धरला. वर जा, असं ती मनात म्हणत होती. स्वतःच्या नावाविरुद्ध, वीस वर्षांच्या प्रतिष्ठेविरुद्ध, मनापासून म्हणत होती. बिंदू वर गेले नाहीत. दहा हजार, पंधरा हजार, तीस हजार. सगळे खालच्या रेषेवर, ओळीने, शिस्तीत बसत गेले.

नियम शाबूत होता. सर चुकले होते.

लोक उभे राहून एकमेकांचे हात हातात घेत होते. केतकी बसून राहिली. काकूंनी तिच्याकडे वळून विचारलं, "खालची रेषा, ना?"

"हो, काकू."

"त्यांना माहीत होतं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून रुमाल काढला.

*

जेवणाच्या सुट्टीत फरहीन दोन याद्या घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. तिने जुन्या निकालांपुढे 'अनुराधा'च्या खुणा केल्या होत्या.

"मॅडम, तुमचे सेहेचाळीस. त्यात त्रेचाळीस ठिकाणी खरोखर तिसरा तारा आहे."

"आणि सरांचे?"

"एकोणपन्नासपैकी सत्तेचाळीस." फरहीन जरा घुटमळली. "तुमच्या यादीत दोन जोड्या अशा आहेत ज्या सरांच्या यादीत नाहीत. त्या दोन्ही स्वच्छ निघाल्या. तुम्ही त्या उगाच काढल्या होत्या. सरांनी त्यांच्यावर वेगळा शेरा लिहिलाय, शेवटच्या पानावर."

केतकीने वही पुढे ओढली. शेवटच्या पानाचं छायाचित्र तिने काढलं होतं, पण ते वाचलंच नव्हतं. दोन क्रमांक होते आणि खाली लिहिलं होतं, 'या दोन्हींत उजेड जास्त दिसतो, पण तो तिसरा तारा जोडीतला नव्हे. फार मागचा आहे. जोडी सध्या त्याच्यासमोरून जाते आहे. १९५३च्या काचेवरच्या छायाचित्रात तो एकटा दिसतो, कारण तेव्हा जोडी तिथे पोचली नव्हती. सोडाव्यात.'

"बरोबर आहे," फरहीन म्हणाली. "या बावीस वर्षांत त्या जोड्या पुढे सरकल्या. आता मागचे तारे साफ वेगळे दिसतात."

केतकी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिने चौदा महिने त्या जोड्या तपासल्या होत्या, नव्यात नवी माहिती जमवून. जुनं छायाचित्र काढून बघावं, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. सर उठून जुन्या काचा बघायला गेले होते. आणि सगळं उमगलेलं असूनही, तिने या दोन जोड्या काढल्या तेव्हा त्यांनी तिला टोकलं नव्हतं. टोकलं असतं तर यादी तिची राहिली नसती.

तिला हसू फुटलं. आधी हळू, मग आवरेना. आजूबाजूचे लोक पाहू लागले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"सरांनी माझी चूक काढलीय, काकू. दोन ठिकाणी."

काकूंनी सावकाश मान डोलावली. "कुठे?"

केतकीने वही त्यांच्यापुढे धरून समजावून सांगितलं. मागचा तारा, पुढून जाणारी जोडी, बावीस वर्षं. काकूंनी नीट ऐकलं, मधे दोन प्रश्न विचारले, आणि समजल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आपण चुकलोय हेसुद्धा त्यांनी तुझ्यापेक्षा नीट सिद्ध केलं होतं."

"हो."

"मग हे छाप. दोघांची नावं घाल. आता नाही म्हणायला ते नाहीत."

दुपारी चारला दोघी परत निघाल्या. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत काकू सरांबद्दल बोलत होत्या, लग्नाआधीच्या गोष्टी, केतकीने कधी न ऐकलेल्या. मग त्यांचा डोळा लागला. वाईला पोचल्यावर केतकीने त्यांना धरून दोन मजले चढवलं, दार उघडलं, आणि आपली चप्पल आत घेतली. विभागात फोन करून तिने सांगितलं की ती सोमवारी येणार नाही, आणि मंगळवारचंही आत्ता सांगता येत नाही. आतून काकू विचारत होत्या, पलंगावरची चादर बदलायची की तीच चालेल.

"तीच चालेल," केतकी म्हणाली आणि तिने पिशवी खाली ठेवली.